शिक्का ज्याचा, जबाबदारी त्याची

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यांत शेंदुरसनी नांवाचें एक लहानसें खेडें आहे. वस्ती सुमारें दीड हजार. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर गुजराण करणारीं जशीं शेंकडों गांवें आमच्या जिल्ह्यांत आहेत, त्यांतलेंच हें एक. 2025 सालच्या डिसेंबर महिन्यांत या गांवाचें नांव एकाएकीं सर्व महाराष्ट्राच्या तोंडीं झालें. जन्ममृत्यूच्या नोंदी हल्लीं ज्या केंद्रीय संगणकप्रणालींत होतात, तींत या ग्रामपंचायतीच्या नांवावर सप्टेंबर ते नोव्हेंबर 2025 या तीन महिन्यांत 27,000 हून अधिक जन्म नोंदले गेल्याचें आढळून आलें. दीड हजार वस्तीच्या गांवांत वर्षाकाठीं वीस-पंचवीस पाळणे हलावयाचे. त्या हिशेबानें इतकीं बालकें जन्मास येण्यास एक हजाराहून अधिक वर्षें लागतील. संगणकाच्या पडद्यावर मात्र तीं तीन महिन्यांत जन्मलीं, दिवसास सुमारें तीनशें या वेगानें!

पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, विशेष तपास पथक नेमलें गेलें, आणि ग्रामपंचायतीच्या ओळखक्रमांकाचा धागा तांत्रिक तपासणींत मुंबईपर्यंत गेल्याचें वर्तमानपत्रांनीं छापलें. दोषी कोण हें ठरविणें न्यायालयाचें काम. त्यांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे तें एका निराळ्या गोष्टीकडे. एवढें सर्व घडण्यासाठीं कोणास ग्रामपंचायतीचें कुलूप फोडावें लागलें नाहीं, कीं रात्रीं-अपरात्रीं कपाटांतील दप्तर उचलून न्यावें लागलें नाहीं. गांवाच्या नांवानें नोंद करण्याचा अधिकार एका ओळखनांवांत आणि त्याच्या जोडीच्या परवलीच्या शब्दांत सांठविलेला असतो. तो अधिकार परक्या हातीं पडला, एवढ्यानेंच काम भागलें.

जन्माच्या नोंदीचें एवढें महत्त्व तें काय, असें एखादा वाचक विचारील. आमच्या पिढींत शाळेंत नांव घालतांना बाप सांगेल ती तारीख मास्तर लिहून घेत, आणि बापास तारीख आठवली नाहीं तर मास्तरच ती ठरवीत. त्यामुळें अर्धा वर्ग जून महिन्यांत जन्मलेला असे. ते दिवस आतां गेले. जन्ममृत्यु नोंदणीचा कायदा 1969 सालचा. त्यांत 2023 सालीं जी दुरुस्ती झाली ती 1 ऑक्टोबर 2023 पासून अमलांत आली. आणि त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतींत शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन चालविण्याचा परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, आधार या सर्वांसाठीं जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच एक कागद ठरविण्यांत आला. जुन्या जन्माची नोंद वर्षाहून अधिक उशिरानें करावयाची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, तो याचसाठीं. तेव्हां ज्याच्या हातीं ही नोंदवही गेली, त्याच्या हातीं माणसें निर्माण करण्याची विद्याच गेली म्हणावयाची. आणि यांत खरी हानि कोणाची? उद्यां त्या गांवचें एखादें खरें मूल आपला खरा दाखला घेऊन कोठें उभें राहील, तेव्हां पाहणारा तो कागद दोनदां उलटून पाहील. चोरानें त्या मुलाचें कांहीं नेलें नाहीं. फक्त त्याच्या खरेपणाची किंमत उतरविली.

शिक्का आणि परवल

आमच्या पूर्वजांना ही भीति अपरिचित नव्हती. मराठी राज्यांतील पत्रांच्या शेवटीं मोर्तब उठवीत, तें एवढ्यासाठीं कीं, मजकूर येथें संपला हें ठरून जावें आणि त्याखालीं कोणास एक ओळही वाढवितां येऊं नये. अधिकारपद द्यावयाचें तर शिक्केकट्यार देत. शिक्का हातीं आला म्हणजे अधिकार आला, आणि त्याबरोबर त्या शिक्क्यानें जें जें होईल त्याचें उत्तरदायित्वही आलें. नारायणराव पेशव्यांच्या 1773 सालच्या वधासंबंधानें 'ध' चा 'मा' केल्याची जी आख्यायिका आहे, तिच्याविषयीं इतिहाससंशोधकांस जें म्हणावयाचें असेल तें ते म्हणोत. पण लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मध्यें तिसरा हात शिरला तर एका अक्षरानें केवढा अनर्थ होतो, हें ती गोष्ट मराठी घरांतील लहान मुलांसही शिकवून गेली आहे.

हल्लीं ज्यास सर्वत्र पासवर्ड म्हणतात, त्यास मराठींत परवलीचा शब्द हें नांव पूर्वींपासून तयारच आहे. रात्रीच्या वेळीं छावणींत शिरणाऱ्यानें पहारेकऱ्यास सांगावयाचा जो सांकेतिक शब्द, ती परवल. पहारेकऱ्यास अंधारांत मुद्रा दिसत नाहीं. जो शब्द बरोबर सांगेल तो आपला, एवढेंच त्यास ठाऊक. संगणकही असाच अंधारांतला पहारेकरी आहे. शब्द जुळला कीं तो दार उघडतो, आणि आंत जें कांहीं घडेल तें ज्याची परवल त्याच्या नांवावर, तास-मिनिटांसह लिहून ठेवतो. म्हणून आमचें सर्व सांगणें एका वाक्यांत मावण्यासारखें आहे : परवलीचा शब्द हा आपला शिक्का आहे असें समजावें, आणि तो दुसऱ्यास देणें म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणें आहे असें समजावें.

कचेरींतील भिडस्तपणा

कचेऱ्यांतून हे शब्द फुटतात ते बहुधा दुष्टपणानें फुटत नाहींत. भिडेनें, घाईनें आणि सोयीनें फुटतात. एका ग्रामसेवकाकडे दोन-दोन, तीन-तीन गांवें असतात. इंटरनेट चालत नाहीं, वरून माहितीची मागणी आजच्या आज पुरी करावयाची असते, आणि संगणकावर बसणारा मुलगा हुशार व विश्वासू असतो. मग शब्द त्याला सांगितला जातो. तो रजेवर जातांना दुसऱ्याला सांगतो. कोठें तो चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटविलेला असतो, कोठें व्हॉट्सॲपच्या समूहावर पाठविलेला असतो. साहेबांची बदली होते, नवे साहेब येतात, पण शब्द तोच राहतो. गोष्ट षट्कर्णी झाली कीं ती गुप्त राहत नाहीं, हें ज्या भाषेच्या म्हणण्यांतच आहे, त्या भाषेच्या कचेऱ्यांत एकेक शब्द दहा-दहा, वीस-वीस कानीं फिरत असतो.

शिक्षणखात्याशीं जन्मभर संबंध आल्यामुळें आम्हांस शेजारच्या नागपूर विभागांतील एका प्रकरणाचा येथें उल्लेख करावासा वाटतो. शिक्षकांचें वेतन ज्या शालार्थ प्रणालींतून निघतें, तींत अपात्र माणसांना शिक्षक म्हणून नोंदवून सरकारी खजिन्यांतून वेतन काढल्याचा आरोप 2025 सालीं पुढें आला आणि अधिकाऱ्यांस अटक झाली. त्याचा निवाडाही न्यायालयाकडे. परंतु एका गोष्टीबद्दल दुमत होणार नाहीं. ज्या नोंदींवर पैसा निघतो, त्या नोंदी करण्याचा शब्द म्हणजे तिजोरीची किल्लीच होय. आणि किल्लीची जेवढी काळजी खजिनदार घेतो तेवढी शब्दाचीही घेतली पाहिजे.

याकरितां कोणत्याही लहानमोठ्या कचेरीनें, शाळेनें किंवा पतसंस्थेनें चार गोष्टी कराव्यात. प्रत्येक काम करणाऱ्यास त्याचें स्वतःचें ओळखनांव मिळवून द्यावें. एकाच नांवावर चौघांनीं काम करूं नये. मनुष्य बदलीवर गेला, निवृत्त झाला किंवा नोकरी सोडून गेला कीं, निरोपसमारंभाचा हार वाळण्याच्या आधीं त्याचा प्रवेश बंद करावा. जेथें सोय असेल तेथें शब्दाच्या जोडीला मोबाईलवर येणारा दुसरा संकेतही लावून घ्यावा, म्हणजे केवळ शब्द कळून भागत नाहीं. आणि चौथी गोष्ट, जी सर्वांत सोपी असून सर्वांत कमी केली जाते : आठवड्यांतून एकदां आपल्या नांवावर काय काय नोंदलें गेलें तें उघडून पाहावें. दिवसास तीनशें नोंदी म्हणजे पहिल्याच आठवड्यांत आंकडा दोन हजारांवर जातो. दीड हजारांच्या गांवांत हा आंकडा ज्याच्या नजरेस पडेल, त्यास संगणकशास्त्र येण्याची गरज नाहीं. बेरीज आली म्हणजे पुरे.

मोठ्यांचीही तीच गत

ही विपत्ति केवळ खेड्यापाड्यांवर येते असें कोणीं समजूं नये. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक 1906 सालीं स्थापन झालेली, मध्यमवर्गीय मराठी घरांच्या तीन-चार पिढ्यांच्या ठेवी सांभाळणारी. 11 ऑगस्ट 2018 रोजीं, दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीच्या दिवशीं, अवघ्या कांहीं तासांत 28 देशांतील एटीएम यंत्रांतून त्या बँकेच्या नांवावर पैसे निघाले. कांहीं आपल्या कोल्हापुरांतूनही निघाले. सोमवारीं, 13 ऑगस्ट रोजीं, आणखी सुमारें 14 कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यांत गेले. एकूण रक्कम 94 कोटींवर भरली.

हें झालें कसें तें समजून घेण्यासारखें आहे. आपण यंत्रांत कार्ड घातलें कीं, यंत्र बँकेच्या संगणकास विचारतें, 'या गृहस्थाच्या खात्यांत एवढे पैसे आहेत काय?' बँकेनें होय म्हटलें कीं नोटा बाहेर येतात. चोरांनीं बँकेच्या व्यवस्थेंत दुष्ट प्रणाली घुसवून या प्रश्नास उत्तर देणारा एक तोतया मध्यें बसविला. बनावट कार्डें घेऊन त्यांचे हस्तक देशोदेशींच्या यंत्रांपुढें उभे राहिले. यंत्रांनीं विचारलें, आणि तोतयानें प्रत्येक वेळीं होय म्हटलें. पुढें 2023 च्या एप्रिल महिन्यांत पुण्याच्या न्यायालयानें या प्रकरणीं 11 जणांस शिक्षा सुनावली.

याच्या दोन वर्षें आधीं, 2016 च्या फेब्रुवारींत, बांगला देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या नांवानें चोरांनीं न्यूयॉर्क येथील फेडरल रिझर्व्ह बँकेकडे पैसे पाठविण्याच्या आज्ञा धाडल्या. मागणी सुमारें 95 कोटी डॉलरांची होती. त्यांतले 8 कोटींवर डॉलर फिलिपाइन्समध्यें गेले. श्रीलंकेकडे जाणारे 2 कोटी मात्र वांचले, आणि ते कशानें वांचले हें ऐकून आमच्यासारख्या जुन्या शिक्षकास धन्यता वाटते. ज्या संस्थेच्या नांवें पैसे जावयाचे होते, तिच्या नांवांतील 'फाउंडेशन' हा इंग्रजी शब्द चोरांनीं अशुद्ध लिहिला होता. मार्गांतल्या एका बँकेंतील कोणाच्या तरी नजरेस ती चूक खटकली, त्यानें विचारणा केली, आणि व्यवहार थांबला. शुद्धलेखनाकडे डोळा ठेवणारा एक मनुष्य दोन कोटी डॉलर राखतो, हें आमच्या विद्यार्थ्यांना आम्हांस पूर्वींच सांगतां आलें असतें तर किती बरें झालें असतें! आजही जो संदेश बँकेच्या नांवानें येतो पण ज्यांत बँकेचेंच नांव एका अक्षरानें चुकलेलें असतें, त्याची परीक्षा याच डोळ्यांनीं करावी. तथापि चोरांचें लेखन दिवसेंदिवस सुधारत आहे हेंही ध्यानांत असूं द्यावें. अशुद्ध संदेश खोटा असण्याचा संभव मोठा, पण शुद्ध आहे म्हणून तो खरा ठरत नाहीं. दोन्हीही चोऱ्या सुट्टीला लागून झाल्या, हें आणखी एक ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. चोर आपलें पंचांग आपल्याहून बारकाईनें पाहतो.

घरांत का चोर आहेत?

आतां घराकडे वळूं. एकत्र कुटुंबाची रीत अशी कीं, तेथें सर्व कांहीं सर्वांचें. धान्याची कोठी एक, देवघर एक, आणि हल्लीं वायफायही एक. आजोबांच्या मोबाईलचा पिन नातवास ठाऊक असतो, आणि नातू तो मित्रांच्या देखत दाबतो. आजींच्या पेन्शनच्या कार्डाचा पिन त्या कार्डाच्याच पाकिटावर पेनानें लिहिलेला असतो. सूनबाईंचें खातें त्यांच्या नांवचें, पण त्याचा सर्व व्यवहार पतीच्या मोबाईलवर. याविषयीं कोणी बोलूं लागलें कीं प्रश्न येतो, "घरांत का चोर आहेत?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे. घरांत चोर नाहींत. परंतु आजचा चोर घरांतल्या माणसाच्या तोंडूनच आंत येतो. शब्द एकास ठाऊक असेल तर चोरास त्या एकालाच फसवावें लागतें. तोच पांचांना ठाऊक असेल तर त्या पांचांतील सर्वांत भोळा किंवा सर्वांत उतावळा कोण, एवढें शोधलें म्हणजे त्याचें काम झालें. आणि याहून मोठी गोष्ट पुढें आहे. पैसा गेल्यावर घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, शब्द कोणाकोणास ठाऊक होता? ज्यांना ज्यांना ठाऊक होता, त्या सर्वांवर संशयाची सांवली पडते. बोलून कोणी दाखवीत नाहीं, पण नजरा बदलतात. गेलेला पैसा कदाचित् परत मिळतो. नातवाकडे किंवा सुनेकडे एकदां वळलेली ती नजर मात्र कोणत्याही बँकेस परत घेतां येत नाहीं. ज्यास शब्द ठाऊकच नव्हता, त्यास कोणी बोल लावूं शकत नाहीं. यास्तव आपला शब्द आपल्याजवळ ठेवणें हा घरच्या माणसांवरील अविश्वास नसून त्यांच्या निरपराधीपणाचें रक्षण आहे.

आमच्या परंपरेंत याला आधार नाहीं असेंही नाहीं. एकत्र कुटुंबाची मिळकत समाईक मानणाऱ्या धर्मशास्त्रानेंच स्त्रीधन निराळें मानलें. त्यामुळें कुटुंब मोडलें असें कोणीं म्हटलें नाहीं. तेव्हां ज्या खात्यावर सुनेचें किंवा मुलीचें नांव आहे, त्याची किल्लीही तिच्याच हातीं असावी, आणि ती चालवावयास घरांतील जाणत्यानें तिला शिकवावें. मुंजींत बटूस मंत्रोपदेश करतांना वर वस्त्र धरतात आणि मंत्र कानांत सांगतात. मंडपांतील सर्वांस तो मंत्र ठाऊक असतो, तरी तो देण्याची रीत एकांताची. परवलीचा शब्द तर कानांतही सांगावयाचा नसतो.

अर्थात् गुप्ततेचा अतिरेक करून घरच्यांस अंधारांत ठेवावें असें आमचें म्हणणें नाहीं. कर्ता मनुष्य अकस्मात् गेला आणि त्याचीं खातीं कोठें आहेत हेंच कोणास ठाऊक नाहीं, अशीं घरें थोडीं नाहींत. कोणत्या बँकेंत खातें आहे, विमा कोणता, पेन्शन कोठून येतें, याची यादी एका वहींत लिहून घरांत ठेवावी. वारस म्हणून नामनिर्देशन करून ठेवावें. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या खात्यास चार जणांपर्यंत नामनिर्देशन करण्याची मुभा कायद्यानें दिली आहे. खातीं कोठें आहेत हें घरानें जाणावें. तीं उघडण्याचा शब्द ज्याचा त्यानें जाणावा.

चोर दारीं कसा येतो

चोराच्या रीति बदलतात, पण त्यांचें मूळ दोनच गोष्टींत आहे : भय आणि लोभ. वीज आज रात्रीं तोडली जाईल, खातें बंद पडेल, पेन्शन थांबेल. नोव्हेंबर महिन्यांत पेन्शनरांनीं हयातीचा दाखला द्यावयाचा असतो, हें चोरांसही ठाऊक असल्यामुळें त्या सुमारास तो घरबसल्या करून देतों असे फोन येतात. शेतकऱ्यांकडे पीएम-किसानच्या नांवानें येतात. या योजनेचा 16 वा हप्ता 28 फेब्रुवारी 2024 रोजीं यवतमाळ येथील समारंभांतूनच देशभर सोडला गेला होता. आमच्या जिल्ह्यांत त्या योजनेचें नांव न ऐकलेला शेतकरी सांपडावयाचा नाहीं, आणि म्हणूनच त्या नांवाचा गळ चांगला लागतो.

गळ बहुधा फाइलीच्या रूपानें येतो. लग्नपत्रिका म्हणून, दंडाची पावती म्हणून किंवा योजनेचा अर्ज म्हणून जी फाइल येते, तिच्या नांवाच्या शेवटीं एपीके हीं अक्षरें असतील तर ती पत्रिका नाहीं, ती एक प्रणाली आहे. ती उघडून बसविली कीं, मोबाईलवर येणारे संदेश वाचण्याचा हक्क ती मागून घेते, आणि बँकेनें आपल्याला पाठविलेला ओटीपी परस्पर चोराकडे जातो. ओटीपी म्हणजे त्या एका व्यवहारापुरतें मोर्तबच. तें ज्यानें पाहिलें त्यानें उठविलें. तसेंच, पैसे आपल्याकडे येण्यासाठीं यूपीआयचा पिन कधींही द्यावा लागत नाहीं. पिन दाबला कीं पैसे जातात, येत नाहींत. आणि पोलिसी वेषांतला कोणी पडद्यावर येऊन, तुम्हांस घरांतच अटक केली आहे, कोणाशीं बोलूं नका, असें सांगूं लागला, तर फोन खुशाल बंद करावा. 'डिजिटल अटक' असा प्रकार भारताच्या कायद्यांत कोठेंही नाहीं. 27 ऑक्टोबर 2024 रोजीं खुद्द पंतप्रधानांनीं आपल्या नभोवाणीवरील भाषणांत हें सांगितलें आहे.

कागदांचीही अशीच काळजी घ्यावी. आधारकार्डाची झेरॉक्स आपण प्रसादासारखी वांटतों. जेथें पूर्ण आंकड्याची गरज नाहीं तेथें केवळ शेवटचे चार आंकडे दाखविणारी आधारची प्रत चालते. ती शासनाच्याच संकेतस्थळावरून मिळते. दिलेल्या प्रतीवर ती कोणत्या कामासाठीं व कोणत्या तारखेस दिली तें आडवें लिहावें. अंगठ्याच्या ठशावर पैसे काढण्याची सोय खेड्यांतून झाली आहे, आणि कागदांवरील ठशांवरून खोटे अंगठे बनविल्याचे प्रकार इतर राज्यांत उघडकीस आले आहेत. शब्द गेला तर बदलतां येतो, अंगठा बदलतां येत नाहीं; म्हणून काम नसेल तेव्हां आधारमधील ठसे बंद करून ठेवण्याची जी सोय आहे, तिचा उपयोग करावा.

शब्द निवडतांना कुलदैवताचें नांव आणि पुढें 123 हा प्रघात सोडावा. तो चोरांना केव्हांच पाठ झाला आहे. परस्परांशीं संबंध नसलेले चार शब्द एकापुढें एक लिहिले तर ते लक्षांत राहतात आणि ओळखतां येत नाहींत. ईमेलचा शब्द सर्वांहून निराळा व बळकट ठेवावा, कारण इतर शब्द विसरल्यास नवे तेथेंच येतात.

घात झालाच तर

इतकें करूनही घात झाला तर पहिला शत्रु चोर नव्हे, लाज आहे. सुशिक्षित म्हणविणारा मनुष्य, जन्मभर दुसऱ्यांस शहाणपण सांगितलेला, फसला हें घरीं कसें सांगावयाचें, या विचारांत दोन दिवस जातात, आणि तेवढ्यांत पैसा चार खात्यांतून फिरून निघून जातो. तेव्हां क्षणाचाही विलंब न लावतां 1930 या क्रमांकावर फोन करावा, केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर नोंद करावी, आणि बँकेस लेखी कळवून पोंच घ्यावी. रिझर्व्ह बँकेनें 2017 सालीं असें घालून दिलें कीं, ग्राहकाची चूक नसतां त्रयस्थानें खात्यांतून पैसे काढले आणि ग्राहकानें बँकेची सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ती हानि त्याच्या माथीं मारतां येत नाहीं. पण त्यानें आपला शब्द दुसऱ्यास दिलेला असेल, तर तक्रार करीपर्यंतची हानि त्याची त्यालाच सोसावी लागते. दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीनें वापरणारास 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 क या कलमान्वयें तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊं शकतो. जो नियम पेढीस लागू, तोच कायद्यासही मान्य आहे : शिक्का ज्याचा, जबाबदारी त्याची.

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपण वह्यांची पूजा करतों, जुनीं खातीं मिटवून नवीं घालतों. त्याच दिवशीं घरांतील प्रत्येकानें आपापले शब्द बदलावे, खात्यांची यादी व नामनिर्देशन तपासून पाहावें, आणि आजी-आजोबांना ज्या गोष्टी समजल्या नाहींत त्या नातवंडांनीं न कंटाळतां समजावून द्याव्यात, अशी आमची सूचना आहे. त्यास फार तर अर्धा तास लागेल. शब्द बदलतांना नातवंडांनीं तेवढें तोंड फिरवून बसावें.